दाताची कॅप नीट बसली आहे का, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी कॅप बसली की पहिले काही दिवस जीभ तिथून हलत नाही. उंच वाटते, जाड वाटते, शेजारी फट राहिल्यासारखी वाटते, हिरडी हुळहुळते. यातल्या काही शंका आपोआप विरतात. काहींसाठी मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जायला हवं, आणि लोक नेमकं तिथेच 'बघू, होईल सवय' म्हणून महिने काढतात. याउलट, जी कॅप कसलाच त्रास देत नाही ती नीट बसलेलीच असते असंही नाही. खालची उत्तरं वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. (डॉक्टर ज्याला क्राउन म्हणतात त्यालाच इथे कॅप म्हटलं आहे.)

'नीट बसली' म्हणजे नेमकं काय बघायचं?

कॅपचा संबंध चार ठिकाणी येतो. पहिला, आत असलेला तुमचाच घासून लहान केलेला दात, आणि विशेषतः कॅप जिथे संपून दात सुरू होतो ती कड. दुसरा, दोन्ही बाजूंचे शेजारी दात. तिसरा, समोरच्या जबड्यातला दात, जो चावताना कॅपवर टेकतो. चौथी, भोवतालची हिरडी.

चावणं आणि शेजारच्या फटी तुम्हाला घरबसल्या छान कळतात, कधीकधी डॉक्टरांपेक्षाही चांगल्या, कारण दाताला जे जाणवतं ते आरशातून दिसत नाही. हिरडीचं म्हणणं कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कड मात्र तुम्हाला कळत नाही, आणि कॅप किती वर्षं टिकणार हे बरंचसं तिथेच ठरतं. म्हणून घरची तपासणी आणि डॉक्टरांची तपासणी यातलं एक केलं की दुसरं नको, असं होत नाही.

कॅप बसवल्या दिवशी तोंडात काहीतरी मोठं असल्यासारखं वाटतंय. हे उंच असण्याचं लक्षण आहे का?

तक्रार जीभ करतेय की दात, हे आधी ठरवा. जीभ प्रत्येक गोष्ट फुगवून सांगते. तिला तुटक्या, झिजलेल्या दाताची सवय झालेली असते. त्या जागी अचानक पूर्ण आकाराचा गुळगुळीत दात आला की तो तिला अवाढव्य वाटतो. ही भावना चार-सहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत विसरायला होते. तिच्यासाठी कॅप घासून घेण्याची घाई करू नका.

दाताची तक्रार निराळी असते. तोंड मिटताना इतर दात एकमेकांना भेटायच्या आधी कॅप टेकते, आणि मग बाकीचे दात भेटतात किंवा भेटतच नाहीत. असं होत असेल तर कॅप उंच आहे. याची सवय होत नाही, करून घेऊही नये.

उंच कॅपची सवय होते असं बरेच जण सांगतात. मग?

त्यांना खरोखर तसं वाटलेलं असतं, पण आत काय झालं ते पाहिलं पाहिजे. दात हाडात सिमेंटच्या खांबासारखा पक्का रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. दाब ओळखणाऱ्या नसा याच थरात असतात, आणि त्या इतक्या तल्लख असतात की २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा कणही दातांमध्ये आला तर जाणवतो. डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो.

उंच कॅपवर प्रत्येक वेळी जास्तीचा भार पडतो आणि हा थर सुजतो. दात चावताना दुखू लागतो, बोटाने टिचकी मारली तरी दुखतो, कधी थोडा हलूही लागतो. मग माणूस नकळत दुसऱ्या बाजूने चावायला लागतो, जबडा जरा तिरका मिटायला शिकतो, आणि दात स्वतःही किंचित सरकतो. याला आपण 'सवय झाली' म्हणतो. किंमत मात्र कुणीतरी मोजत असतंच: कधी जबड्याचे स्नायू, कधी समोरचा दात, कधी कॅपवरचं पोर्सेलीन, ज्याचा एक दिवस टवका उडतो.

जास्तीचा भाग घासायला बहुतेक वेळा काही मिनिटं पुरतात. भूलही लागत नाही. एवढ्याशा कामासाठी लोक महिनोन् महिने एका बाजूने जेवतात, याचं मला खरंच नवल वाटतं.

डॉक्टरांनी तेव्हा रंगीत कागद चावायला दिला होता, 'कसं वाटतंय' विचारलंही होतं. मी 'ठीक आहे' म्हटलं. घरी आल्यावर उंच लागतेय. असं कसं?

अगदी नेहमीची गोष्ट आहे, यात संकोच वाटून घेऊ नका. एक तर त्या वेळी भूल उतरलेली नसते. खालच्या दाढेसाठी भूल दिली असेल तर ओठ-जीभ दोन ते चार तास, कधी त्याहून जास्त, बधिर राहतात. बधिर जबडा नीट मिटतोय की नाही हे सांगणं कुणालाच जमत नाही. दुसरं, तुम्ही खुर्चीत आडवे असता. आडवं झोपल्यावर खालचा जबडा किंचित मागे जातो आणि दात नेहमीच्या जागी भेटत नाहीत. तिसरं, बराच वेळ तोंड उघडं ठेवून स्नायू थकलेले असतात.

तो कागद काय करतो तेही सांगतो. दात चावले की जिथे स्पर्श होतो तिथे रंगाचा ठिपका उमटतो. ठिपका मोठा दिसला म्हणजे भार जास्त असं नव्हे. जिथे जोर जास्त असतो तिथे बऱ्याचदा रंगाचं छोटं कडं उमटतं आणि मधली जागा कोरी राहते, कारण दाबाने तिथला कागद पिळून निघालेला असतो. डॉक्टर अशी कडी शोधतात. नंतर ते अवघ्या ८ मायक्रॉन जाडीची धातूची पट्टी कॅप आणि समोरच्या दातामध्ये धरतात, दात मिटायला सांगतात आणि ती हलकेच ओढतात. मग तीच पट्टी शेजारच्या दातांमध्ये धरून ओढतात. कॅपखाली ती घट्ट धरली जात असेल आणि शेजारी मात्र सरसर निघून येत असेल, तर भार एकट्या कॅपवर आहे.

पुढच्या वेळी खुर्ची सरळ करून, ताठ बसून चावून दाखवण्याचा आग्रह धरा. पाठीला टेकण नसलं तर आणखी चांगलं.

घरी तपासायचं तर कसं?

भूल पूर्ण उतरू द्या. ताठ बसा, जबडा सैल सोडा, ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवा. मग जोर न लावता दात अगदी हळू जवळ आणा आणि पहिला स्पर्श कुठे होतो तिकडे लक्ष द्या. तो दोन्ही बाजूंना साधारण एकदमच व्हायला हवा. नंतर दात पटपट टकटकवा. सगळे दात एकत्र भेटत असतील तर आवाज भरीव आणि एकसारखा येतो. एकच दात आधी लागत असेल तर आवाज बारीक आणि एकांगी येतो.

सरळ मिटताना सगळं ठीक वाटलं तरी तपासणी संपत नाही. दात हलके टेकवून खालचा जबडा डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे सरकवा. कॅप कुठे अडली, घासली, खट्‌कन लागली तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. बऱ्याच कॅप सरळ चावताना बरोबर असतात आणि चघळताना आडव्या येतात.

सकाळी उठल्या उठल्या कॅप जास्त उंच वाटते आणि दिवसभरात कमी होते, असा अनुभव येत असेल तर बहुधा तुम्ही झोपेत दात आवळता. हेही सांगा. त्यावर उपाय वेगळा असतो.

उलट, माझी कॅप समोरच्या दाताला टेकतच नाही. दुखत तर नाही, मग चालेल ना?

आज चालेल. पण टेकायला काही नसलं की समोरचा दात हळूहळू आधाराच्या शोधात खाली किंवा वर सरकतो, आणि त्या बाजूचा सगळा भार उरलेल्या दातांवर जातो. थोडी हलकी टेकणारी कॅप आणि अजिबात न टेकणारी कॅप यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारची असेल तर ती घासून दुरुस्त होत नाही, बहुतेक वेळा नवीच करावी लागते.

कॅप बसल्यापासून गार-गरम लागतं. म्हणजे आत फट आहे का?

लगेच तसं समजू नका. दात जिवंत असेल, म्हणजे रूट कॅनॉल झालेलं नसेल, तर घासण्याने, मापाने आणि कॅप चिकटवायच्या सिमेंटने आतली नस डिवचली जाते. काही दिवस ते काही आठवडे गार लागणं यात विशेष काही नाही. बघायचं ते दोन गोष्टींकडे: कळ किती वेळ टिकते, आणि दिवसागणिक ती कमी होते की वाढते. गार पाणी लागलं, सळकन कळ गेली आणि पाणी गिळेपर्यंत थांबली, तर वाट पाहायला हरकत नाही. कळ अर्ध्या मिनिटाहून जास्त रेंगाळत असेल, काही न खाता-पिता आपणहून ठणका लागत असेल किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर नस वाचण्याच्या पलीकडे गेलेली असू शकते. तेव्हा थांबू नका.

उंच कॅपमुळेही दात शिवशिवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चावा समतोल केल्यावर गार लागणं बंद झालं, असं बऱ्याचदा घडतं. म्हणून संवेदनशील दातांची टूथपेस्ट आणण्याआधी कॅपची उंची तपासून घ्यावी असं माझं मत.

आणि महिनोन् महिने सगळं शांत असताना एकाएकी गार किंवा गोड लागू लागलं, तर मात्र पहिला संशय कडेवरच घ्यायचा. सिमेंट विरघळलंय किंवा कडेपाशी कीड लागली आहे.

रूट कॅनॉल झालेल्या दातात नसच नाही. मग कॅप बसल्यावर चावताना दुखतं ते कसं?

नस दाताच्या आतली काढतात. मुळाभोवतीचा तो तंतूंचा थर जागेवरच असतो, आणि चावण्याचा दाब तोच ओळखतो. म्हणून रूट कॅनॉल झालेल्या दाताला गार-गरम कळत नाही, पण उंच कॅप नक्की कळते.

दुखणं चावताना होतं की चावा सोडताना, हे नीट आठवून सांगा. दाबल्यावर दुखत असेल तर उंचीचा किंवा मुळाशी सूज असल्याचा संशय येतो. दाब सोडताना सणक येत असेल तर दाताला तडा गेलेला असू शकतो, आणि तो प्रश्न कॅप घासून सुटत नाही.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. अशा दाताला कॅपखाली कीड लागली तरी तो ओरडून सांगू शकत नाही. कॅप हातात निघून येईपर्यंत कळतही नाही. त्यामुळे रूट कॅनॉल झालेल्या दाताच्या बाबतीत 'दुखत नाही' या वाक्याला फारशी किंमत देऊ नये.

कॅप आणि शेजारच्या दातात दर जेवणाला अन्न अडकतं. हे मनावर घ्यायचं का?

हो, आणि लवकर. दोन दात शेजारी एका ठिकाणी एकमेकांना घट्ट भिडलेले असतात. कॅपचा हा भिडणारा भाग कमी भरला असेल, चुकीच्या उंचीवर आला असेल, तर चावताना अन्न थेट खाली हिरडीत ठासलं जातं. जेवण झाल्यावर दाटल्यासारखं, ओढल्यासारखं वाटतं, आणि अडकलेलं काढलं की हायसं वाटतं. ही खूण अगदी स्पष्ट आहे. दिवसातून तीनदा असं होत राहिलं तर तिथली हिरडी सुजते, पुढे हाड झिजतं, आणि शेजारचा चांगला दात, ज्याचा काही दोष नाही, बाजूने किडायला लागतो.

टूथपिकने कोरत बसणं हा उपाय नव्हे. रोज कोरल्याने हिरडी खाली सरकते आणि अडकायला आणखी जागा होते. कॅप पक्की चिकटवण्याआधी हा दोष लक्षात आला तर लॅबमध्ये पोर्सेलीन वाढवून घेता येतं. चिकटवल्यावर लक्षात आला तर कधी शेजारच्या दातात फिलिंग करून फट बुजवतात, नाहीतर कॅप बदलावी लागते.

आधी नीट असलेल्या जागी काही वर्षांनी अन्न अडकू लागलं, तर चूक कॅप करणाऱ्याची असेलच असं नाही. दात आयुष्यभर थोडेथोडे सरकत असतात.

फ्लॉसने काय कळतं?

बरंच काही. मेण लावलेला साधा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा धागा, घ्या आणि आधी एखाद्या चांगल्या, बिनकॅपच्या जोडीत घालून पाहा, म्हणजे तुमच्या तोंडातला नेहमीचा घट्टपणा कळेल. मग कॅपच्या दोन्ही बाजूंना घाला. किंचित अडून 'टक्' करून आत गेला तर भिडणं योग्य. काहीच न अडता सरळ खाली गेला तर तिथे जागा सैल आहे. कितीही जोर लावला तरी जात नसेल तर जास्त घट्ट आहे, किंवा जास्तीचं सिमेंट तिथे वाळून बसलं आहे.

आत गेल्यावर फ्लॉस कॅपला लपेटून हिरडीच्या कडेपर्यंत न्या आणि वर-खाली फिरवा. नीट बसलेल्या कॅपवर तो गुळगुळीत घसरतो. एका ठरावीक जागी प्रत्येक वेळी अडकतो, त्याचे धागे विस्कटतात, बाहेर येतो तेव्हा पिंजलेला दिसतो, तर तिथे कॅपची कड बाहेर आलेली आहे, उघडी आहे किंवा सिमेंटची कणी चिकटलेली आहे. एकदा विस्कटला म्हणून घाबरू नका. रोज त्याच जागी विस्कटला तर जागा दाखवायला डॉक्टरांकडे जा. शक्य असेल तर तो विस्कटलेला फ्लॉसही घेऊन जा. आरशापुढे तोंडाने समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं.

हिरडी लाल आहे, ब्रश करताना रक्त येतं. किती दिवस वाट पाहायची?

मापाच्या आणि चिकटवण्याच्या वेळी हिरडीला थोडा मार बसतो. आठवडाभरात ती निवायला हवी. व्यवस्थित ब्रश आणि फ्लॉस करूनही दोन-तीन आठवड्यांनंतर एकाच दाताभोवती लाल कडं राहिलं असेल, तर कारण शोधावं लागतं.

सगळ्यात सोपं कारण म्हणजे हिरडीखाली राहून गेलेलं सिमेंट. ते काढलं की काही दिवसांत हिरडी बरी होते. दुसरं, कड दातापेक्षा बाहेर आलेली असते आणि तिथे घाण साठते. तिसरं जरा अवघड असतं: कड हिरडीत फार खोल नेलेली असते. हिरडीला दात आणि हाडाला धरून राहायला स्वतःची थोडी जागा लागते. सर्वसाधारण ठोकताळा असा की कॅपची कड आणि खालचं हाड यांच्यात ३ मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. त्या जागेत कड घुसली तर कितीही ब्रश करा, हिरडी शांत होत नाही. तेव्हा हिरडी-हाडाची छोटी शस्त्रक्रिया करून ती जागा मिळवावी लागते.

धातूच्या मिश्रणात निकेल असेल आणि तुम्हाला निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर त्यानेही हिरडी चिडते. पण आधी वरची तीन कारणं तपासून मगच तिकडे वळावं.

हिरडीजवळ काळी रेघ दिसते. कॅप उघडी पडली आहे का?

बहुतेक वेळा नाही. धातूवर पोर्सेलीन चढवलेल्या कॅपमध्ये कडेला धातू असतो, आणि हिरडी किंचित खाली सरकली की तो दिसू लागतो. दिसायला वाईट, पण बसण्याशी त्याचा थेट संबंध नाही. मात्र रेघेऐवजी कडेखाली तपकिरी, मऊ किंवा खडबडीत जागा असेल तर ती कीड असू शकते. ती दाखवून घ्या.

कड मला कळत नाही म्हणता, मग डॉक्टरांना कशी कळते?

टोकदार सळईने. डॉक्टर ती कॅपवरून दाताकडे आणि दातावरून कॅपकडे, अशी दोन्ही दिशांनी सगळीकडून फिरवतात. कॅपवरून खाली उतरताना सळई पायरीसारखी घसरली तर कॅपची कड बाहेर आलेली आहे. उतरताना ती दाताच्या कडेवर अडली तर कॅप तोकडी आहे. दोन्हीकडून अडून मध्ये रुतली तर फट उघडी आहे.

किती फट चालते? शून्य फट कुठल्याच कॅपला नसते, कारण मध्ये सिमेंटचा थर असतोच. मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली हजाराहून अधिक कॅप आणि फिलिंगच्या पाच वर्षांच्या पाहणीवरून १२० मायक्रॉन ही मर्यादा सुचवली, आणि आजही चर्चा त्याच आकड्याभोवती फिरते. म्हणजे एक मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. हे नुसत्या डोळ्यांनी कुणी मोजू शकत नाही, जिभेने तर नाहीच नाही.

एक्स-रे मदत करतो, पण अर्धीच. त्यात शेजारच्या दातांकडच्या दोन बाजूंच्या कडा दिसतात. गालाकडची आणि जिभेकडची कड कॅपच्या सावलीत लपते. धातू आणि झिरकोनिया (पांढऱ्या कॅपचा एक कठीण पदार्थ) दोन्हीतून एक्स-रे जवळपास आरपार जात नाही, त्यामुळे थेट कॅपखाली काय चाललंय ते त्यात दिसत नाही. 'एक्स-रे स्वच्छ आहे' हे ऐकून बरं वाटतं, पण सळईची तपासणीही झाली का, हे विचारायला विसरू नका.

कॅप हलतेय असं वाटतं. दात हलतोय की कॅप?

स्वच्छ बोटांनी किंवा जिभेने कॅप हळूच वर-खाली करून पाहा. कॅप सुटलेली असेल तर ती दातावर किंचित वर-खाली होते, चावताना 'पचपच' होऊन कडेने लाळेचे बुडबुडे येतात, आणि तिथून खारट किंवा कुजकट चव येते. दात स्वतः हलत असेल तर कॅप आणि हिरडी एकत्र हलताना दिसतात. दोन्हीत डॉक्टरांकडे जायचंच आहे, पण सुटलेल्या कॅपची घाई जास्त. खाली लाळ आणि जंतू जात राहतात आणि उरलेला दात झपाट्याने मऊ पडतो.

कॅप निघून हातात आली. घरीच चिकटवू का?

घरातला कुठलाही गोंद, विशेषतः झटपट चिकटणारा, नको. तो दाताला आणि हिरडीला अपाय करतो, आणि कॅप तिरकी बसली तर पुन्हा काढताना दातच तुटू शकतो. कॅप धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. औषधाच्या दुकानात मिळणारं दातांचं तात्पुरतं सिमेंट दोन-चार दिवसांसाठी वापरता येतं. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका. गिळली गेली तर बहुधा पोटातून निघून जाते, पण श्वासनलिकेत गेली तर जिवाशी खेळ. कॅप दिसेनाशी झाली आणि ठसका, खोकला किंवा धाप थांबत नसेल तर तडक रुग्णालयात जा.

पुन्हा पुन्हा निघणाऱ्या कॅपला पुन्हा पुन्हा चिकटवणं मला पटत नाही. सिमेंट कॅपला मदत करतं, धरून ठेवतो तो दात. घासलेला दात फार बुटका किंवा फार निमुळता असेल, किंवा कडेवर चहूकडून निदान १.५ ते २ मिलिमीटर शाबूत दात उरलेला नसेल, तर कुठलंही सिमेंट टिकत नाही. मूळ कारण विचारा.

टेम्पररी कॅप जरा सैल, जरा ओबडधोबड आहे. पक्कीही अशीच होईल?

नाही. टेम्पररी कॅप प्लास्टिकची, जागच्या जागी केलेली आणि मुद्दाम कच्च्या सिमेंटने लावलेली असते. मात्र ती निघाली तर 'पक्की येतेच आहे' म्हणून सोडून देऊ नका. काही दिवसांतच आजूबाजूचे दात रिकाम्या जागेकडे सरकतात आणि मग मापाप्रमाणे केलेली पक्की कॅप बसत नाही. तिच्या बाजूने फ्लॉस करताना तो वर ओढण्याऐवजी बाजूने सरकवून काढा.

गाल चावला जातो. बोलताना 'स' नीट येत नाही.

गाल किंवा जीभ एक-दोनदा चावली जाणं नव्याची गोष्ट आहे. त्याच जागी वारंवार, जखम होईपर्यंत चावली जात असेल तर कॅपचा आकार चुकला आहे. वरच्या दाढांची बाहेरची कड खालच्या दाढांपेक्षा थोडी बाहेर असते आणि गालाला दूर ठेवते. कॅपमध्ये ती कड द्यायची राहून गेली की गाल आत येतो. उच्चारांचा प्रश्न पुढच्या दातांच्या कॅपमध्ये येतो, आणि आठवडाभर मोठ्याने वाचल्यावर बहुतेकांचा सुटतो. त्यानंतरही शीळ फुटत राहिली तर जाडी किंवा लांबी कमी करून घ्या.

इम्प्लांटवरच्या कॅपलाही हेच लागू आहे का?

बरंचसं, पण एक मोठा फरक आहे. इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसवलेला कृत्रिम खुंट, थेट हाडाला जुळलेला असतो, मध्ये तो तंतूंचा थर नसतो. त्यामुळे कॅप उंच असली तरी ती तितक्या लवकर जाणवत नाही, आणि दुखण्याची वाट पाहिली तर आधी स्क्रू सैल होतो किंवा पोर्सेलीन उडतं. इथे तुमच्या जाणिवेपेक्षा डॉक्टरांचा कागद आणि ती पातळ पट्टी जास्त भरवशाची. इम्प्लांटच्या शेजारी काही काळाने नवी फट पडणंही वारंवार दिसतं, कारण नैसर्गिक दात सरकतो आणि इम्प्लांट जागचा हलत नाही. अशा कॅपमध्ये हलल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी कळवा.

पक्की चिकटवण्याआधी मी काय विचारू?

ट्रायलच्या वेळी तुमचा शब्द सगळ्यात स्वस्तात ऐकला जातो. चिकटवल्यावर तीच दुरुस्ती महागात पडते. हातात आरसा मागा आणि रंग, आकार बघा. दोन्ही बाजूंना फ्लॉस घालून दाखवायला सांगा. ताठ बसून चावा, बाजूला घासा, घाई करू नका. कड चहूबाजूंनी तपासली का, ते विचारा. शक्य असेल तर कॅप काही दिवस तात्पुरत्या सिमेंटवर ठेवून पाहता येईल का, हेही विचारा. सगळ्या प्रकारच्या कॅपना ते चालत नाही, पण चालत असेल तर फार उपयोगी पडतं.

आणि उंची कमी करण्यासाठी कॅप घासली असेल, तर ती जागा पुन्हा पॉलिश केली का, हे नक्की विचारा. झिरकोनिया फार कठीण असतं. पॉलिश केलेलं असेल तर समोरच्या दाताला सांभाळून घेतं, खरखरीत राहिलं तर कानशीसारखं त्याला झिजवतं. जीभ फिरवल्यावर खरखर लागली तर खुर्चीतून उठू नका.

डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, मला मात्र खटकतंच आहे. पुढे काय?

'बरं वाटत नाही' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. दोन-चार दिवस नोंद ठेवा: चावताना दुखतं की सोडताना, सरळ चावताना की चघळताना, कठीण पदार्थाने की कशानेही, गार लागतं तर किती वेळ टिकतं, फ्लॉस कुठल्या बाजूला विस्कटतो, सकाळी जास्त की रात्री. हे घेऊन गेलात तर तपासणीची दिशाच बदलते. भूल न देता, ताठ बसवून चावा पुन्हा तपासायला सांगा. दोनदा-तीनदा घासूनही दुखणं तसंच राहिलं तर आणखी घासत जाणं योग्य नाही. तेव्हा तडा, मुळाशी सूज किंवा आवळण्याची सवय शोधावी लागते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर कॅपच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे सोबत न्या. पहिल्या डॉक्टरांकडून ते मागून घ्यायला काहीच हरकत नाही.

ताप, चेहऱ्यावर सूज, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काही असेल तर नोंदी करत बसू नका. ते फिटिंगचं प्रकरण नाही, संसर्गाचं आहे, आणि त्याच दिवशी दाखवायचं असतं.